सहा मिनिटांत ३० मीटर जास्त: सुधारणा खरी कधी मानायची?

सीओपीडी (दम लागणारा, फुप्फुसांचा जुना आजार) असलेला रुग्ण व्यायाम सुरू करण्याआधी सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत ३१० मीटर चालला आणि आठ आठवड्यांनी ३४२. यात खरंच फरक पडला का?

युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०१४ च्या मानकानुसार, फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या प्रौढांत साधारण ३० मीटरची वाढ अर्थपूर्ण धरतात. त्याआधी, १९९७ पासून, ५४ मीटरचा आकडा प्रचलित होता. तो काढण्याची रीत मोठी छान होती: रुग्णांनाच एकमेकांशी तुलना करायला लावली. ‘मी याच्यापेक्षा जरा बरा चालतो’ असं रुग्ण म्हणू लागतो, तेव्हा दोघांच्या अंतरात सरासरी ५४ मीटरचा फरक दिसला.

खरी अडचण चाचणी घेण्यात आहे. ढिलाई झाली, तर चूकच ३० मीटरची होते. सीओपीडीचा रुग्ण दुसऱ्यांदा चालतो तेव्हा केवळ सरावानेच सरासरी २६ मीटर जास्त जातो. म्हणून अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा चालवायचं आणि दोन्हींतलं मोठं अंतर लिहायचं. सुरुवातीला एकदाच चालवलं आणि शेवटी दोनदा, तर व्यायामाचं श्रेय सरावाला जातं की सरावाचं व्यायामाला, हे कळणारच नाही.

मार्ग ३० मीटरचा, सरळ आणि सपाट हवा. दोन्ही टोकांना वळण्याची खूण म्हणून प्लास्टिकचे शंकू. दवाखान्यात जागा नाही म्हणून १० मीटरवर चालवलं, तर सारखं वळण्यातच वेळ जातो आणि अंतर ५० मीटरच्या आसपास घटतं. ‘शाब्बास, चला!’ असं मनापासून ओरडल्यानेही अंतर वाढतं. म्हणून मिनिटामिनिटाला ठरलेलीच वाक्यं, तीही शांतपणे म्हणायची. रुग्ण दम खायला थांबला तरी स्टॉपवॉच थांबवायचं नाही. रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांखाली गेला तर मात्र त्याला लगेच थांबवायचं. काठी, वॉकर, ऑक्सिजन लावला असेल तर त्याचा लिटरचा आकडा, इनहेलरची वेळ हे सगळं पहिल्याच दिवशी फाइलमध्ये लिहा. पुढच्या वेळी यातलं काही बदललं असेल, तर दोन अंतरांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

लांब कॉरिडॉर नसेलच, तर एक मिनिट खुर्चीतून उठ-बस मोजता येते. खुर्ची भिंतीला टेकवलेली, साधारण ४६ सेंटिमीटर उंच आणि दर वेळी तीच. हातांचा आधार घ्यायचा नाही. सीओपीडीत तीन उठाबशांची वाढ दखल घेण्याजोगी मानतात.