मेगोला : पुढच्या चाकातच पाच सिलिंडर

मेगोला या जुन्या जर्मन मोटरसायकलचा फोटो पहिल्यांदा बघताना सगळ्यांचं सारखंच होतं. आधी इंजिन शोधायला नजर मधे जाते, तिथे काहीच नसतं, नुसता पत्र्याचा बंद सांगाडा आणि सीट. मग मागे बघतो तर तिथेही साखळी नाही, स्प्रॉकेट नाही, साधं चाक. आणि मग पुढच्या चाकाकडे लक्ष जातं, तर स्पोक्सच्या आत फुलाच्या पाकळ्यांसारखे पाच सिलिंडर मांडलेले. आणि ते नुसते बसवलेले नाहीत, चाकाबरोबर गरागरा फिरणारे आहेत!

ही गाडी १९२१ ते १९२५ या काळात जर्मनीत म्युनिकला बनत होती. डिझाईन फ्रिट्झ कॉकरेलचं, त्याचं मूळ आडनाव गोकरेल, आणि माइक्सनर, गोकरेल, लांडग्राफ या तीन नावांचे तुकडे जोडून मे-गो-ला. साधारण २००० गाड्या बनल्या असं मानतात, आज मोजक्याच शिल्लक आहेत. एक टुरिंग मॉडेल होतं, त्याला खुर्चीसारखी ऐसपैस सीट आणि मागे पाट्याचे स्प्रिंग, आणि दुसरं स्पोर्ट, त्यात मागचं सस्पेन्शन काढून टाकलेलं आणि साधं सॅडल. मी बोलणार आहे ते मुख्यतः स्पोर्टबद्दल, कारण या इंजिनाचा खरा स्वभाव रेसमधेच दिसतो.

तर इंजिन चाकात घालायचं खूळ आलं कुठून? पहिल्या महायुद्धातली बरीच विमानं रोटरी इंजिनवर उडायची. त्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, विमानाला पक्का केलेला असायचा आणि सिलिंडरांचा अख्खा घोसच पंख्याबरोबर फिरायचा, म्हणजे सिलिंडर स्वतःच हवा कापत जातात आणि थंड राहतात, वेगळं पाणी, रेडिएटर काही नको. कॉकरेल इंजिनांच्याच धंद्यातला, त्याला हे सगळं माहीत असणारच. चाकात पाच सिलिंडर बसवायचा प्रयोग फ्रान्समधे फेलिक्स मिये नावाच्या माणसानं १८९० च्या दशकात मागच्या चाकावर करून झाला होता, पण तो काही चालला नाही. कॉकरेलनं ते इतकं नीट जमवलं की गाडी विकता आली.

यातली मोठी गोम म्हणजे वेग. पेट्रोल इंजिनाला ताकद द्यायची तर भराभर फिरावं लागतं, मेगोलाचं ६३७ सीसीचं इंजिन ३६०० आरपीएमच्या आसपास १४ हॉर्सपॉवर द्यायचं. पण चाक मिनिटाला ३६०० वेळा कसं फिरणार? घेर दोन मीटर धरला तर ताशी चारशेच्या वर वेग निघतो! मग गियरबॉक्स हवा, आणि चाकात तेवढी जागा कुठाय. कॉकरेलनं काय केलं, तर क्रँकशाफ्टलाही मोकळं सोडलं, पण उलट्या दिशेनं. मधे दातांची चाकं अशी बसवली की चाक आणि त्याच्यासकट सिलिंडर एक चक्कर पुढे मारतात तेवढ्यात क्रँक पाच चकरा मागे मारतो. आता सिलिंडरच्या आत बसून बघितलं तर क्रँक सहा वेळा फिरला. लोकलमधे बसलेलं असताना समोरून येणारी लोकल केवढ्या जोरात जाते असं वाटतं ना, अगदी तेच, दोन उलट वेगांची बेरीज. म्हणजे इंजिन ३६०० आणि चाक फक्त ६००, ताशी साधारण ७२ किलोमीटर. सहाचा गियर मिळाला आणि गियरबॉक्स मात्र नाही.

याचा अजून एक फायदा आहे आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. गोफण फिरवताना दगड जसा बाहेर ओढतो तसा फिरणारा सिलिंडरही बाहेर ओढत असतो, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. मधापासून १५ सेंटीमीटरवर असलेला भाग ३६०० आरपीएमने फिरवला तर त्याच्यावर त्याच्या वजनाच्या २१०० पटीहून जास्त ओढ येते, आणि ६०० ने फिरवला तर फक्त ६० पट. वेग सहावा हिस्सा, ओढ छत्तिसावा हिस्सा. सिलिंडर जागेवर राहतात ते त्यामुळे.

सिलिंडर पाचच का, चार किंवा सहा का नाही? फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन चकरांतून एकदा पेटतो. पाच गोल मांडून एक सोडून एक पेटवत गेलं की १, ३, ५, २, ४ आणि परत १, सगळ्यांचा नंबर लागतो आणि दोन स्फोटांमधलं अंतर कायम सारखं राहतं. चार असते तर १, ३ झाल्यावर परत १ वरच आलो, २ आणि ४ तसेच राहिले. म्हणून असल्या गोल इंजिनांत सिलिंडर विषम असतात, विमानांतसुद्धा ५, ७, ९.

आता गणित पुढे न्या. चाकाच्या एका चकरेत इंजिनाच्या सहा चकरा, दर चकरेला सरासरी अडीच स्फोट, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पंधरा धक्के. दोन मीटर रस्त्यात पंधरा, म्हणजे वीतभरही रस्ता जात नाही तोवर पुढचा धक्का आलेला असतो. ही गाडी एकाच गियरवर इतकी मऊ कशी चालायची याचं उत्तर इथे आहे. माणूस चालतो त्या वेगाला, ताशी ५ किलोमीटरला, हे इंजिन जेमतेम २५० आरपीएमवर असणार. आपल्या आजच्या बाईक न्यूट्रलमधे उभ्या असताना हजाराच्या वर फिरत असतात, त्यावरून अंदाज करा. साध्या इंजिनाला दोन स्फोटांच्या मधे फिरत राहायला जड फ्लायव्हील, म्हणजे वजनदार फिरतं चाक लागतं, इथे चाकच काय, धावणारी अख्खी गाडीच इंजिनाची फ्लायव्हील झाली.

पण २५० च्या खाली काय? तिथे मेगोला संपते, कारण क्लच नाही. क्लच नाही, न्यूट्रल नाही, थांबलात की इंजिन बंद. चालू करायचं तर गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक हातानं फिरवा नाहीतर गाडी घेऊन पळा. चौकात कुणी आडवा आला तर जागच्या जागी गोल चकरा मारत बसायच्या, असं सांगतात. आणि रेसमधे? रेसमधे थांबायचंच नसतं! एकदा धक्का मारून सुटली की मधे कुणी अडवत नाही, गियर बदलायला हात सोडायचा नाही, साखळी तुटायची भीती नाही, वजन सगळं खाली जमिनीजवळ. स्पोर्ट मॉडेल टुरिंगपेक्षा बरंच जोरात जायचं असं म्हणतात आणि १९२४ मधे टोनी बाउहोफरनं मेगोलावर जर्मन चॅम्पियनशिप मारली. १९२४ ला, १४ हॉर्सपॉवरच्या घराण्यातली गाडी!

दुरुस्तीचा विचारही केलेला होता हे मला फार आवडतं. सिलिंडर खोलायला स्पोक्स काढावे लागत नसत. आणि पंक्चरसाठी तर कमालच, पुढची ट्यूब गोल कडं नव्हतीच, दोन्ही टोकं बंद असलेली लांब नळी होती, सॉसेजसारखी, टायरमधून ओढून काढायची आणि नवी सरकवायची, चाकाला आणि इंजिनाला हात न लावता. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जायचं ते पोकळ क्रँकशाफ्टमधून, थ्रॉटलची पाकळी, म्हणजे ते मिश्रण कमीजास्त करणारी झडपही त्यातच.

तोटेही होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अख्खं इंजिन स्प्रिंगच्या खाली, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट सिलिंडरला आणि पुढचं चाक उसळलं की ते सगळं वजन उसळणार. शिवाय जड फिरणारं चाक म्हणजे मोठा भोवराच, सरळ छान जातो पण झटकन वळवायला विरोध करतो, उलटा फिरणारा क्रँक तो विरोध थोडा कमी करतो इतकंच. चढावर वजन मागे सरकतं आणि ओढणारं चाक नेमकं पुढे, तिथे पकड कमी. त्यात जर्मनीत १९२३ ची ती भयंकर महागाई, आणि त्याच वर्षी त्याच म्युनिकमधून बीएमडब्ल्यूची आर ३२ आली, साडेआठ हॉर्सपॉवरच, पण क्लच होता, तीन गियर होते, मागच्या चाकाला शाफ्ट होता, चौकात शांतपणे उभी राहायची. रोजच्या वापराला तीच सोयीची. १९२५ ला मेगोला बंद पडली. १९९८ मधे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममधे मोटरसायकलींचं मोठं प्रदर्शन भरलं त्यात मेगोला स्पोर्ट ठेवली होती.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर चाकातच असते, हब मोटर म्हणतात ती, आणि तिलाही क्लच नाही, गियर नाही. फरक एवढाच की इलेक्ट्रिक मोटर शून्य आरपीएमपासून ओढते, त्यामुळे सिग्नलला थांबली तरी काही बिघडत नाही, कॉकरेलचं इंजिन जिथे अडायचं ती जागाच तिला लागत नाही. स्प्रिंगखालचं वजन मात्र तिलाही चुकलेलं नाही, हब मोटरवाली स्कूटर खड्ड्यात गेली की चाकातून जो जडसा धप्पकन दणका येतो तो त्याचाच.