बुरानोव्होच्या आज्या युरोव्हिजनच्या मंचापर्यंत

मे २०१२ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू येथे झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेसाठी रशियाने उदमुर्त प्रजासत्ताकातील बुरानोव्हो या खेड्यातल्या सहा आज्यांना पाठवले, तेव्हा अनेकांना ती निव्वळ गंमत वाटली. ती गंमत नव्हती. या गाण्यामागे एका गावाची अनेक वर्षांची हौस आणि चिकाटी होती.

गावच्या संस्कृती भवनात जमणाऱ्या या स्त्रिया मुळात उदमुर्त लोकगीते गात. ही भाषा रशियनच्या नव्हे, तर फिनिशच्या दूरच्या गोतातली असून युनेस्कोने तिची नोंद संकटग्रस्त भाषांमध्ये केली आहे. समूहाच्या प्रमुख ओल्गा तुक्तार्योव्हा यांनी रशियन रॉकगीते आणि बीटल्सची गाणी उदमुर्तमध्ये आणली, आणि परक्या चाली आपल्या बोलीत गाणाऱ्या या आज्यांचे नाव रशियाभर झाले. २०१० च्या राष्ट्रीय निवड फेरीत त्या तिसऱ्या आल्या. त्या वेळच्या गाण्याचा विषय होता, भूर्जाच्या सालीपासून ‘ऐशोन’ हे बायकांचे शिरोभूषण कसे करावे! २०१२ च्या फेरीत तर २००८ चा युरोव्हिजन विजेता दिमा बिलान समोर असतानाही त्यांनीच बाजी मारली.

१९९९ पासून कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा मिळाल्यावर बहुतेक देश इंग्रजीकडे वळले होते. आज्यांच्या गाण्याचे ध्रुवपदही इंग्रजी होते. पण कडवी उदमुर्त होती, आणि त्यांत मुलांची वाट पाहणारी, पीठ फुगताना पाहून हरखणारी आई होती. लाल नक्षीचे झगे, गळ्यात नाण्यांच्या माळा, डोक्याला रुमाल, आणि मंचाच्या मधोमध चक्क एक भट्टी. सर्वांत ठेंगण्या, १९३५ साली जन्मलेल्या नताल्या पुगाचोव्हा यांनी तर साऱ्यांना जिंकले. २५९ गुण मिळवून रशिया दुसरा आला. ३७२ गुणांसह स्वीडनची लोरीन पहिली आली.

सोव्हिएत काळात नष्ट झालेले गावचे चर्च पुन्हा उभारण्यासाठी आपण गातो, असे या आज्या सांगत. पुढे ते चर्च उभे राहिलेही. समूहाच्या नावाचे हक्क मात्र त्यांच्याकडे राहिले नाहीत. त्या नावाने दुसऱ्याच गायिका मंचावर आल्या, आणि मूळच्या आज्यांना थोडे वेगळे नाव घेऊन गावे लागले. माझ्या मते हा त्यांच्यावर झालेला उघड अन्याय होता.