बदलत्या हवामानात वन्य वनस्पतींची उत्क्रांती

तापमान, पाऊस आणि ऋतूंच्या वेळा यांत दीर्घकाळ टिकणारा बदल झाला की रानात वाढणाऱ्या वनस्पतींच्या आनुवंशिक गुणांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या बदलू लागते. नव्या परिस्थितीत तग धरणाऱ्या रोपांचे बी अधिक रुजते आणि इतरांचा वंश क्षीण होत जातो. हीच उत्क्रांती.

एखादी वनस्पती लवकर फुलू लागली म्हणजे ती उत्क्रांत झाली, असे मात्र नव्हे, आणि लोकप्रिय लेखनात नेमकी हीच गल्लत वारंवार होते. एकच रोप ऊन, ओल आणि माती यांनुसार आपली उंची, पानांचा आकार किंवा फुलण्याची वेळ बदलू शकते. ही लवचीकता होय. तिच्यासाठी जनुकांत फरक पडावा लागत नाही. बदल आनुवंशिक आहे की नाही हे ठरवायचे, तर जुन्या आणि नव्या पिढीचे बी एकाच वेळी, एकाच मातीत, सारख्याच पाण्यावर वाढवून पाहावे लागते.

दक्षिण कॅलिफोर्नियात रानोमाळ वाढणाऱ्या मोहरीच्या एका जातीवर असा पडताळा घेतला गेला. स्टीव्हन फ्रँक्स, आर्थर वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली, म्हणजे तेथे पडलेल्या काही वर्षांच्या दुष्काळापूर्वी, गोळा केलेले बी आणि दुष्काळानंतर २००४ मध्ये जमवलेले बी शेजारीशेजारी वाढवले. दुष्काळातून तरलेल्यांची संतती ठिकाणानुसार सुमारे २ ते ९ दिवस आधी फुलली आणि दोन्ही पिढ्यांच्या संकरातून आलेली रोपे मधल्या वेळी फुलली, म्हणजे हा फरक आनुवंशिक होता. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ओल आटण्यापूर्वी फुलून घेण्याच्या या लाभाची किंमतही पुढे दिसून आली: दुष्काळानंतरच्या पिढीची रोपे एका बुरशीजन्य रोगाला अधिक बळी पडतात.

मोहरीची पिढी एका हंगामात संपते, म्हणून हे इतक्या झपाट्याने घडू शकले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या डोंगरउतारांवर, पावसाळ्यात उगवणारे तेरडा आणि टाकळा यांचीही पिढी अशीच आखूड असते. टाकळ्याच्या बियांचे कवच मात्र कठीण असते, त्यामुळे काही बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जुन्या पिढ्यांचे गुण नव्यांत मिसळत राहून बदलाचा वेग मंदावतो.

याच उद्यानातील कारवीची गोष्ट वेगळी आहे. आदिवासी पाड्यांवर कुडाच्या भिंतींसाठी जिच्या काठ्या वापरतात, ती ही झुडपी वनस्पती साधारण सात-आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते आणि बी धरून मरते. तिची वाळलेली बोंडे पुढच्या पावसाची ओल लागताच फुटून बी दूर उडवतात. शतकभरात तिच्या जेमतेम बारा ते चौदा पिढ्या होतात. शिवाय एखादे झुडूप वर्षभर आधी फुलले, तर त्याला परागासाठी जोडीदार जवळजवळ मिळत नाहीत, म्हणजे वेळ बदलण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असली तरी सामूहिक फुलोरा तिला दाबून टाकतो. सुमारे १०४ चौ. किमी. चे हे जंगल बहुतेक बाजूंनी शहराने वेढलेले असल्याने बाहेरून नवी जनुके येण्याचा मार्गही अरुंद आहे. या तिन्ही कारणांमुळे शहरातील वन्य वनस्पतींमध्ये कारवीची विशेष काळजी वाटावी.

ठाण्याच्या खाडीत तिवर हे खारफुटीचे झाड नेमके उलट टोकाला आहे. त्याची अंकुरलेली फळे भरतीबरोबर वाहत जातात, त्यामुळे दूरच्या झाडांतही जनुकांची देवाणघेवाण चालू राहू शकते. पानांवर बाहेर टाकलेल्या मिठाचे कण दिसतात, म्हणजे खारेपणा सोसण्याची यंत्रणा त्याच्याजवळ आधीपासूनच आहे. समुद्रपातळी वाढल्यावर त्याला किनाऱ्याच्या आत सरकावे लागते, आणि तेथे बांध, रस्ते किंवा भराव असेल तर ही सारी जनुकीय संपत्ती कामी येत नाही.

मुंबईत या अभ्यासाला एक भक्कम आधार आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियम या संग्रहात वाळवून जपलेले वनस्पतींचे नमुने आहेत आणि अशा नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरील स्थळ-तारखांवरून फुलण्याच्या वेळा जुळवता येतात. परंतु लवचीकता आणि उत्क्रांती वेगळी करायची तर जिवंत बी हवे. ते आज थंड आणि कोरड्या जागी साठवून ठेवले, तरच काही दशकांनी ते तेव्हाच्या बियांशेजारी पेरून पाहता येईल. तेरड्यासारख्या वर्षायू वनस्पतीबाबत अशी तुलना एका पावसाळ्यात पुरी होऊ शकते.