सीपी असलेलं मूल: बोलणं वेगळं, संवाद वेगळा

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाच्या फाइलमध्ये कधी कधी दोन आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात: व्हायकिंग स्पीच स्केल, पातळी ४ आणि सीएफसीएस, पातळी ३. आईवडिलांना वाटतं, दोन्ही बोलण्याचेच. तसं नाही, आणि हा घोळ मुलाला फार महागात पडतो.

व्हायकिंग स्केल फक्त तोंडातून निघणाऱ्या बोलण्याकडे पाहतं. जीभ, ओठ, श्वास यांच्या स्नायूंवर नीट ताबा नसल्यामुळे उच्चार किती अस्पष्ट झालेत आणि परक्या माणसाला ते कळतात का, एवढंच. चार पातळ्या, चौथी म्हणजे समजेल असं बोलणंच नाही.

सीएफसीएस, म्हणजे संवाद कितपत जमतो याची वर्गवारी (कम्युनिकेशन फंक्शन क्लासिफिकेशन सिस्टिम), २०११ साली आलं, त्यात पाच पातळ्या. त्याचा प्रश्न मोठा आहे: मुलाचं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचतं का आणि समोरच्याचं मुलाला कळतं का? मग ते नजरेनं असो, हातवाऱ्यांनी, चित्रांच्या तक्त्यावरून किंवा मोबाइलवरून. सगळं धरलं जातं. ओळखीच्या आणि परक्या माणसांशी कसं जमतं, हे वेगवेगळं पाहायचं. तेही रोजच्या व्यवहारात, तपासणीच्या दिवशी एकदा जमलं म्हणून नव्हे.

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या घरातली सात वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. एकही शब्द उच्चारता येत नाही. आजी विचारते, "पोहे देऊ की शिरा?" आणि दोन्ही वाट्या एकमेकींपासून लांब धरून थांबते. मान डळमळते, हात ताठतात, पण नजर शिऱ्यावर जाऊन ठरते. आजीला उत्तर मिळालं. शब्द नाहीत, म्हणून व्हायकिंग ४; घरच्यांशी जमतं, पण परक्याला ती नजर वाचता येत नाही, म्हणून सीएफसीएस ३. 'काही बोलत नाही, म्हणजे काही कळत नाही' असा शेरा मारून तिला मागे टाकणं हा सरळ अन्याय आहे.

इंदुरात आणखी एक गोष्ट आड येते. घरात मराठी, थेरपिस्टकडे हिंदी. आजीच्या मराठीवर वाढलेल्या मुलीला हिंदीतून सूचना देऊन 'समज कमी' लिहिलं जाऊ शकतं. म्हणून आईनं आधीच सांगावं: घरची भाषा मराठी आहे, 'हो' म्हणायचं असेल तर ती वर बघते, आणि उत्तराला वेळ लागतो. मध्ये दुसरा प्रश्न टाकू नका.

उलटंही घडतं, आणि ते लवकर लक्षात येत नाही. एखाद्या मुलाचे उच्चार स्वच्छ, व्हायकिंग १. पण तो विचारलेला प्रश्नच परत म्हणतो, गरज सांगत नाही. घरच्यांशीही कधी जमतं, कधी नाही: सीएफसीएस ४. बोलतोय म्हणून त्याची काळजी कुणी करत नाही.

सीएफसीएसची पातळी कारण मात्र सांगत नाही. अडचण ऐकण्याची, दिसण्याची की समजण्याची, हे वेगळं तपासावं लागतं. जन्मानंतर तीव्र कावीळ झाली असेल, तर ऐकण्यावर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून श्रवणचाचणी आधी करून घ्या.