झेडपीच्या शाळेला कंपनीची मदत घ्यायचीय? ठराव, कागदपत्रं आणि जाहिरातीचं काय चालतं काय नाही (सातारा-सांगली)

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आपल्या इकडं बऱ्याच गावात हा विषय निघतो. कुणीतरी ओळखीनं सांगतं की एमआयडीसीतली अमुक कंपनी प्रोजेक्टर द्यायला तयार आहे, किंवा पेंटचा डीलर म्हणतो सगळे वर्ग फुकट रंगवून देतो फक्त रस्त्याकडच्या कंपाउंडवर आमची जाहिरात राहू द्या. मग मुख्याध्यापक घाबरतात, पालक म्हणतात फुकट मिळतंय तर घ्या की, आणि परवानगी नक्की कुणाकडं मागायची इथंच गाडी अडते. म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं एकत्र लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट करा, मदत वेगळी आणि जाहिरात वेगळी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे (तिन्हीपैकी एक बसलं तरी पुरे) तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर (म्हणजे समाजाच्या कामावर) खर्च करावीच लागते आणि शिक्षण त्यात बसतं. पण सीएसआरच्या नियमातच लिहिलंय की स्वतःच्या मालाचं मार्केटिंग व्हावं म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआर धरली जात नाही. म्हणजे भिंतभर जाहिरात मागणारा माणूस सीएसआर देतोय असं म्हणत असेल तर त्याला हा नियम दाखवा, पुष्कळदा विषय तिथंच संपतो.

आपल्याकडं अजून एक गोंधळ असतो. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नाही, सहकारी संस्था आहे, त्यामुळं कलम १३५ त्याला लागू नाही. तो स्वखुशीनं देऊ शकतो पण "तुमचा सीएसआर द्या" म्हणून त्याच्याकडं अर्ज करून उपयोग नाही. खाजगी कारखाना कंपनी असेल आणि वरच्या आकड्यात बसत असेल तर त्याला मात्र लागू आहे.

आता रस्ते कुठले. छोट्या मदतीसाठी केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे. शाळेचा ११ अंकी यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) टाकून मुख्याध्यापकांनी शाळा नोंदवायची, काय पाहिजे ते टाकायचं (बेंच, पुस्तकं, कॉम्प्युटर, किंवा कुणी येऊन शिकवणं), माजी विद्यार्थी असो रिटायर माणूस असो की कंपनी, तिथून तयारी दाखवू शकतात. रोख पैसे तिथं घेत नाहीत.

मोठ्या मदतीसाठी राज्याची दत्तक शाळा योजना, शासन निर्णय १८ सप्टेंबर २०२३ चा. ती फक्त सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळांना आहे, म्हणजे झेडपी, नगरपालिका, महापालिका. रयतची किंवा दुसऱ्या संस्थेची अनुदानित शाळा असेल तर तुमचा प्रस्ताव संस्थेकडंच जाणार, या योजनेत नाही. यातही देणगी वस्तू आणि सेवेच्या रूपात, रोख नाही. पालकत्व दोन प्रकारचं. एक सर्वसाधारण, ज्यात शाळेच्या गरजेप्रमाणं मदत करायची, आणि दुसरं नामकरण आधारित, ज्यात देणगीदारानं सुचवलेलं नाव ठरावीक काळासाठी शाळेच्या नावाला जोडता येतं. त्याची किंमत ठरलेली आहे. सातारा शहर नगरपालिका आहे, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ड वर्गात येते आणि बाकी नगरपालिका आणि ग्रामीण भाग, त्यामुळं आपल्या दोन्ही जिल्ह्यांना एकच दर पडतो, ५ वर्षांसाठी ५० लाख आणि १० वर्षांसाठी १ कोटी. १ कोटी किंवा त्याहून जास्तीचा प्रस्ताव शिक्षण आयुक्तांच्या राज्यस्तरीय समितीकडं जातो, त्याखालचा जिल्हाधिकाऱ्यांच्या, आणि महापालिका हद्दीत आयुक्तांच्या समितीकडं.

म्हणजे चाळीस हजाराचा टीव्ही देऊन कमानीवर कंपनीचं नाव लावा म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, नियमातच बसत नाही. आणि माझं मत विचाराल तर पैसे पुरे असले तरी नामकरण शक्यतो टाळा. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, ती झेडपीची शाळा, तिच्या नावाला कुठल्या कंपनीचं नाव चिकटवलेलं आपल्याला चालेल का? आपल्या गावच्या शाळेचंही नाव तेवढंच आपलं आहे. वर्गाच्या दारापाशी "सौजन्य" म्हणून छोटी पाटी लावायला माझी ना नाही, देणाऱ्याचे आभार मानलेच पाहिजेत.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावापासून करा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणं या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि सरकारकडून किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गानं आलेल्या निधीवर लक्ष ठेवणं हे तिचं कामच आहे, म्हणून बैठक घेतल्याशिवाय कुणालाही तोंडी हो म्हणू नका. ठराव मोघम नको, असा लिहा: "इयत्ता ४ थीच्या वर्गासाठी २० बेंच, मापासह, अमुक कंपनीकडून वस्तुरूपात स्वीकारण्यास मंजुरी. कंपनीची कोणतीही जाहिरात शाळेच्या भिंतीवर, वह्यांवर किंवा गणवेशावर राहणार नाही. आभाराची पाटी एक फूट बाय दीड फूट, वर्गाच्या आत. विद्यार्थी व पालकांचे मोबाईल नंबर दिले जाणार नाहीत." खाली सूचक, अनुमोदक, सगळ्यांच्या सह्या. मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, तिथून झेडपीत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांच्याकडं. महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडं.

शाळेकडून लागणारे कागद: ठरावाची प्रत, गरजांची यादी (शाळा विकास आराखड्यातली असली तर उत्तमच), यूडायस नंबर, पटसंख्या, सध्याच्या अवस्थेचे फोटो. बांधकाम असेल तर जागेचा किंवा इमारतीचा उतारा आणि झेडपी बांधकामच्या इंजिनिअरनं केलेलं इस्टिमेट पाहिजेच, कारण इमारत झेडपीची आहे, उद्या स्लॅब गळला तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो. कंपनीकडून: नोंदणीचा दाखला, पॅन, संचालक मंडळाचा ठराव, मागचे ऑडिट रिपोर्ट. मधे ट्रस्ट किंवा एनजीओ असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि सीएसआर-१ नंबर (सीएसआरची कामं करायला संस्थेनं केलेल्या नोंदणीचा) मागून घ्या, त्या नंबराशिवाय कंपनी त्यांच्यामार्फत सीएसआर करूच शकत नाही. आणि सीएसआरमधून झालेली वस्तू किंवा खोली कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, हे करारात लिहून घ्या.

कुणाला दारातच थांबवायचं तेही सांगतो. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) २०२० च्या नियमाप्रमाणं जास्त चरबी, मीठ, साखर असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरमध्ये चालत नाही, मग ते चिप्सवाले खेळाचं साहित्य देत असले तरी त्यांचा लोगो आत नको. तंबाखूची विक्री शाळेपासून १०० यार्डाच्या आत बंद आहे आणि जाहिरातीवर तर बंदीच. क्लासवाले, अॅपवाले फुकट टॅब देतात आणि बदल्यात मुलांचे नाव-नंबर भरून घेतात, तिथं फार जपा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई आहे. पहिली-दुसरीचं पोर भिंतीवर जे दिसेल ते अक्षर लावून लावून वाचतं, आणि शाळेतल्या भिंतीवर आहे म्हणजे ते बाईंनीच सांगितलंय असं त्याला वाटतं, म्हणून या बाबतीत मला कडक राहावंसं वाटतं.

सामान आलं की त्याच दिवशी मोजून साठा रजिस्टरला नोंद घ्या, पोचपावतीवर मॉडेल नंबर लिहा, वॉरंटी कार्ड शाळेच्या नावानं करून घ्या, आणि दुरुस्ती किती वर्षं कोण करणार हे सही होण्याआधी विचारा. बरेच टीव्ही आणि आरओ दुसऱ्या वर्षी बंद पडून तसेच राहतात ते याच कारणानं. ठराव, करार आणि पावती यांची एक-एक प्रत समितीच्या अध्यक्षांकडं पण ठेवा, मुख्याध्यापकांची बदली झाली की कागद शोधायला लागतात.