फॉरमॅट मारल्यावर मशीन का पळतं?

नागपुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या कुणाचंही मशीन मंद झालं की पहिला सल्ला ठरलेला असतो. "भाऊ, मशीन लई हँग होऊन राह्यली, फॉरमॅट मारून देऊ काय?" मग विंडोज नव्याने टाकलं जातं, दोन दिवस प्लगइन, फॉन्ट आणि लायसन्स जमवण्यात जातात, आणि मशीन खरोखरच पळायला लागतं. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. काही महिने जातात, लग्नसराई ऐन रंगात येते आणि पुन्हा तेच रडगाणं.

फॉरमॅटने फरक पडतो, हे खरंच आहे. चुकतं ते त्याचं कारण. 'विंडोज जुनं होतं', 'रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) कचरा साचतो', असं सांगितलं जातं. खरं कारण पुष्कळदा एसएसडीच्या (फिरत्या चकतीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या ड्राइव्हच्या) आत, सिलिकॉनच्या पातळीवर असतं. ते एकदा कळलं की तोच फरक फॉरमॅट न मारता, काही फुकटच्या सॉफ्टवेअरनी मिळवता येतो.

आधी कामाचा आवाका पाहू. ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केला, तर आठाने भागून सेकंदाला १२.५ मेगाबाइट होतात, म्हणजे तासाला ४५ जीबी. तीन कॅमेऱ्यांनी हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येकी आठ तास रेकॉर्डिंग केलं, तर एका लग्नाचं फुटेज १ टीबीच्या पुढे जातं. त्यावर एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी आणखी फाइली तयार करतं. आवाजाच्या लाटांची चित्रं, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती), रेंडर केलेले तुकडे, कॅशे (पुन्हा पुन्हा लागणाऱ्या माहितीचा तात्पुरता साठा). हे सगळं ज्यावर लिहिलं जातं त्या फ्लॅश मेमरीचा स्वभाव मोठा विलक्षण आहे.

फ्लॅश मेमरी ही जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांची देणगी. आज एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड या सगळ्यांत असतो तो तिचा नँड प्रकार १९८७ साली जगासमोर आला. त्यातल्या प्रत्येक पेशीत विद्युतरोधकाने चहूबाजूंनी वेढलेली एक जागा असते. तिथे इलेक्ट्रॉन कोंडले की ते वीज गेल्यावरही वर्षानुवर्षं तिथेच राहतात. आत जायला तारच नाही, मग ते आत जातात कसे? जोरदार विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन त्या रोधकाच्या पातळ भिंतीतून आरपार निघतात. याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. कॉलेजात विद्यार्थ्यांना घाम फोडणारा हा विषय आपल्या टेबलाखाली क्षणोक्षणी घडत असतो, याचं मला कायम अप्रूप वाटतं. किती इलेक्ट्रॉन कोंडले, यावर माहिती ठरते. एका पेशीत तीन बिट ठेवायचे तर विद्युतभाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटांसाठी सोळा.

खरी गोम पुढे आहे. लिहिण्याचं आणि पुसण्याचं माप एक नाही. लिहिलं जातं पानापानाने. एक पान साधारण ४ ते १६ किलोबाइटचं. पुसायला मात्र वीसेक व्होल्ट लागतात, आणि ते शेकडो पानांच्या सामायिक तळाला एकदम दिले जातात. त्यामुळे एक पान निवडून पुसता येत नाही, काही मेगाबाइटचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. शाळेतल्या पाटीवर ओळ-ओळ लिहिता यावी, पण पुसायची झाली तर आख्खी पाटीच पाण्यात बुडवावी लागावी, तसं. शिवाय लिहिलेल्या पानावर न पुसता पुन्हा लिहिता येत नाही. वेळेचा हिशोबही विषम आहे. पान वाचायला मिलिसेकंदाचा दहावा भागही लागत नाही, लिहायला त्याच्या कित्येक पट, आणि ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद. पुसण्याने रोधकाची भिंतही झिजते.

म्हणून एसएसडीतला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, बदललेलं पान जागच्या जागी न लिहिता दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो आणि जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारतो. कोरी पानं संपत आली की तो एखादा ब्लॉक निवडतो, त्यातली अजून उपयोगाची पानं दुसरीकडे हलवतो आणि मग तो ब्लॉक पुसतो. इथे थोडं गणित करू. समजा, निवडलेल्या ब्लॉकमधली निम्मी पानं रद्द आहेत. मग अर्धा ब्लॉक मोकळा करायला अर्धा हलवावा लागला. तुम्ही एक जीबी लिहिलं, ड्राइव्हने प्रत्यक्षात दोन लिहिले. पण ड्राइव्ह गच्च भरलेला असेल आणि त्या ब्लॉकमधली ९० टक्के पानं उपयोगाची असतील, तर दहा टक्के जागेसाठी नव्वद टक्के हलवावं लागतं. तुमच्या एक जीबीपायी ड्राइव्ह दहा जीबी लिहितो. उपयोगी पानांचं प्रमाण 'उ' धरलं तर हा गुणक १ भागिले (१ − उ) इतका येतो. ९५ टक्क्यांना तो वीस होतो. मशीन हळूहळू मंद होत नाही, काल बरं होतं आणि आज अचानक बसलं असं वाटतं, त्याचं मूळ या सूत्रात आहे. उ एकाच्या जवळ गेला की आलेख सरळ आभाळाकडे धावतो.

आता एक प्रश्न उरतो. एखादी फाइल तुम्ही डिलीट केलीत, हे एसएसडीला कळतं का? आपोआप नाही. विंडोज फक्त आपल्या नोंदवहीत 'ही जागा मोकळी' असं लिहून ठेवतं. एसएसडीच्या लेखी ती पानं उपयोगाचीच असतात आणि तो ती इमानेइतबारे हलवत राहतो. हा गैरसमज दूर करणारी आज्ञा म्हणजे ट्रिम. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून ती विंडोजमध्ये आहे. 'अमुक पानं आता नकोत' असा निरोप ती एसएसडीला पोचवते.

आणि फॉरमॅट? विंडोजमध्ये एसएसडी फॉरमॅट केला की त्या सगळ्या जागेसाठी एकदम ट्रिमचा निरोप जातो. ड्राइव्ह रिकामा होतो, उ खाली येतो, गुणक एकाजवळ येतो. मशीन पळतं ते या रिकाम्या जागेमुळे. विंडोजच्या वयाशी त्याचा फारसा संबंध नाही.

म्हणजे करायचं काय, तर जागा मोकळी करायची आणि एसएसडीला तसं कळवायचं. जागा कुणी खाल्ली हे पाहायला विझट्री हे छोटं सॉफ्टवेअर मला सर्वांत आवडतं. ते एकेक फोल्डर उघडून मोजत बसत नाही, एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) ड्राइव्हची मूळ नोंदवहीच थेट वाचतं. म्हणून काही सेकंदांत पूर्ण ड्राइव्हचा नकाशा समोर येतो. फाइल जितकी मोठी तितका तिचा चौकोन मोठा. नागपुरातल्या महाल भागातल्या एका एडिटर मित्राचा ५०० जीबीचा सी ड्राइव्ह भरत आल्याने लाल झाला होता (विंडोज तो ४६५ जीबी दाखवतं, कारण ते १०२४च्या पटीत मोजतं). त्याच्या मते सगळी जागा विंडोजच्या अपडेटने खाल्ली होती. नकाशात एक भलामोठा ठोकळा दिसला, त्यावर क्लिक केलं, तर 'मीडिया कॅशे फाइल्स' नावाचं फोल्डर निघालं. दीडशे जीबीच्या वर. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर ते फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच ठेवतं, आणि ग्राहकांनी केव्हाच नेलेल्या लग्नांचा कॅशे त्यात तसाच पडून होता. कॅशे उडवल्याने प्रोजेक्टला धक्का लागत नाही. लागेल तेव्हा सॉफ्टवेअर तो पुन्हा बनवतं. मात्र हे काम प्रीमियर बंद करून, किंवा त्याच्याच सेटिंगमधून करावं. ठराविक दिवसांपेक्षा जुना कॅशे आपोआप काढायची सोयही तिथे आहे. दाविंची या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही कॅशे काढायचा पर्याय प्लेबॅक मेनूत मिळतो.

त्यानंतर विंडोजमधलंच 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडा. नावात डीफ्रॅगमेंट असलं तरी एसएसडी ओळखून ते ट्रिमचा निरोप नव्याने पाठवतं. हे काम मशीन मोकळं असताना आपोआप होतं, पण रात्रंदिवस रेंडर लावलेलं मशीन मोकळं असतंच कुठे? शेवटची तारीख तिथे दिसते, ती पाहावी. एसएसडी बसवून यूएसबीने जोडायच्या काही जुन्या डब्यांमधून मात्र हा निरोप पलीकडे जात नाही. माझं मत असं की एडिटिंगच्या ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा कायम रिकामी सोडावी. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर खरंखुरं डीफ्रॅग उपयोगी पडतं, कारण मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या चकतीवर हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद थांबावं लागतं. एसएसडीत चकतीच नाही.

आता एका अंधश्रद्धेबद्दल बोलायलाच हवं. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'रिफ्रेश' दाबत राहिलं की संगणक ताजातवाना होतो, हा समज आपल्याकडे शाळेच्या लॅबपासून चालत आलेला आहे. रिफ्रेशने फक्त चिन्हांची यादी पुन्हा वाचली आणि रंगवली जाते. प्रोसेसर, रॅम, ड्राइव्ह यांपैकी कशालाही त्याचा लाभ नाही. तितकीच फसवी आहेत ती 'एका क्लिकमध्ये दुप्पट वेग' देऊ करणारी सॉफ्टवेअर. रॅम मोकळी करतो म्हणणारं सॉफ्टवेअर विंडोजने मुद्दाम हाताशी ठेवलेली माहिती फेकून देतं, आणि ती पुन्हा ड्राइव्हवरून आणावी लागते. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरना पाठिंबा नाही, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. २०१७ साली तर सीक्लीनर या जगभर लोकप्रिय असलेल्या सफाईच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी घातक कोड घुसवला होता आणि सुमारे २२.७ लाख वापरकर्त्यांच्या संगणकांवर ती आवृत्ती पोचली होती.

नागपूरकरांसाठी उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीचं तापमान दाखवतं. त्यात 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे 'येस' आलं, तर प्रोसेसरने जीव वाचवायला वेग कमी केला आहे असं समजावं. ढोबळमानाने काम तेवढंच असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा ठराविक अंशांनीच तापतो. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असताना तो ८२ दाखवत असेल, तर मे महिन्यात ४०च्या खोलीत तो ९७च्या आसपास जाणार, आणि इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. पण एकाच आकड्यावर विसंबू नका. ३० मे २०२४ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि देशभर बातमी झाली. तो सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. एखाद्या सेन्सरने ० किंवा १२७ दाखवलं तर घाबरण्याआधी शेजारचे आकडे पाहावेत. आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. वाफ होताना क्षार मागे राहतात हे खरं, पण कूलर बारीक तुषारही फेकतो आणि त्यांतले क्षार बोर्डावर बसतात.

ड्राइव्हच्या तब्येतीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. एसएसडी असेल तर 'टोटल होस्ट रायट्स' (आतापर्यंतचं एकूण लिखाण) पाहा. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपन्या साधारण ६०० टीबी लिखाणाची हमी देतात. एका लग्नापायी कॅशेसकट २ टीबी लिहिलं जात असेल, तर तीनशे लग्नं. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या, बिघडलेल्या किंवा संशयास्पद जागा मोजणाऱ्या, ओळी पाहा. त्या शून्यावरून वर सरकू लागल्या की त्याच दिवशी डेटा हलवावा. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे सुरुवातीला सोळाच्या पायात दाखवतं, म्हणून तिथलं १० म्हणजे सोळा.

ट्रिमचा एक परिणाम लग्नाच्या फुटेजच्या बाबतीत फार महागात पडू शकतो. कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिलीट झालेल्या क्लिप पुष्कळदा परत मिळवता येतात, पण एसएसडीवरून डिलीट झालेली आणि ट्रिम झालेली फाइल जवळजवळ गेलीच समजा. म्हणून कार्ड कॉपी करताना टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरावं आणि त्यातला 'व्हेरिफाय' चालू ठेवावा. ते मूळ आणि प्रत अशा दोन्ही फाइलींमधून गणिताने एक छोटा आकडा काढतं. फाइलीतला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा बदलतो. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड रिकामं करू नये.

फॉरमॅटची वेळ कधीच येत नाही असं नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला असेल तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून नवा ड्रायव्हर टाकल्यावर काम भागतं. पण विंडोजच्याच फाइली बिघडल्या असतील किंवा मालवेअर खोल रुजलं असेल, तर फॉरमॅट मारावाच. त्याआधी मराठी टायटलचे फॉन्ट, एलयूटी (रंग बदलायच्या तयार फाइली) आणि प्रीसेट (जपून ठेवलेली सेटिंग) बाहेर काढून ठेवा. दाविंची वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण त्यातला प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतो. तो डेटाबेसमध्ये असतो, आणि तो डेटाबेस हलवला नसेल तर सी ड्राइव्हवरच असतो. प्रोजेक्ट मॅनेजर उघडून प्रत्येक चालू प्रोजेक्ट डीआरपी फाइल म्हणून बाहेरच्या डिस्कवर एक्स्पोर्ट करा, त्यातला एक दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि मगच विंडोजचा पेन ड्राइव्ह लावा.