नेत्रखोबण-शोथ, कर्करोगग्रस्तांतील

डोळ्याची खोबण, पापण्या व लगतच्या ऊतकांना येणारी दाहयुक्त सूज. ती पापणीतील तंतुमय पडद्यापुढेच राहिली तर धोका कमी असतो. पडद्यामागे गेल्यास डोळा पुढे येतो, फिरवताना दुखतो व दृष्टी मंदावते. चँडलर व सहकाऱ्यांचे १९७० चे पाच गटांचे वर्गीकरण अजून रूढ आहे. मात्र त्यातील दोन गट पू साचण्यावरून ठरतात, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी दर मायक्रोलिटरला ५०० हून कमी झालेल्या रुग्णात पू फारसा होतच नाही. अशा वेळी किरकोळ लाली व तापही गंभीर समजणे इष्ट.

रक्ताच्या कर्करोगात सर्वांत घातक कारण म्हणजे म्युकरमायकोसिस, म्हणजे म्युकर गटातील कवकांचा (बुरशींचा) संसर्ग. त्याच्या आद्य नोंदीबद्दल मतभेद आहेत. काही जण क्यूखेनमाइस्टर यांची १८५५ ची नोंद पहिली मानतात. फ्यूरब्रिंगर यांनी १८७६ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात कवकतंतू पाहिले. पाल्टाउफ यांचे १८८५ चे वर्णन शरीरभर पसरलेल्या रोगाचे असल्याने तेच अधिक ग्राह्य वाटते. नाक, डोळा व मेंदू असा प्रसार १९४३ मध्ये तीन रुग्णांत वर्णिला गेला. ते मधुमेही होते. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी पोहोचले. वास्तविक काळी पडतात ती मृत ऊतके.

निदानासाठी एमआरआय व नाकाची दुर्बिणीने तपासणी तातडीने करतात. संशयित ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे निर्णायक ठरते : रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे व काटकोनात फुटणारे तंतू म्युकरचे, अरुंद, पडदेयुक्त व लघुकोनात फुटणारे बहुधा ॲस्परजिलस या दुसऱ्या कवकाचे. ॲस्परजिलससाठीची गॅलॅक्टोमॅनन चाचणी म्युकर ओळखत नाही, तसेच व्होरिकोनॅझोल हे कवकरोधी औषध त्यावर चालत नाही. लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे कवकरोधी औषध (रोज दर किलो वजनामागे ५ ते १० मिग्रॅ.), मृत ऊतक काढणे व पांढऱ्या पेशी पूर्ववत होणे, या तिन्हींवर उपचारांचे यश अवलंबून असते.

प्रत्येक सूज जंतुसंसर्गाची नसते. इमॅटिनिब या कर्करोगावरील औषधाने दोन्ही डोळ्यांभोवती, विशेषतः सकाळी, न दुखणारी सूज येते. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांनी नेत्रस्नायूंना दाह होतो. तेथे स्टेरॉइड लागते, पण तेच स्टेरॉइड कवकसंसर्गात घातक ठरते, म्हणून कवक आधी वगळावे. रेटिनोब्लास्टोमात (लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगात) गाठ आतून मरू लागली की संसर्गासारखीच सूज दिसते. तेथे मात्र डोळ्याला सुई लावून नमुना घेत नाहीत, कारण त्या वाटेने कर्करोग डोळ्याबाहेर पसरू शकतो.